बोगमाळोचा सागरी ससाणा

गोव्यात दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भारतीय नौदलाचे विमान-संग्रहालय लागते. १९९८ साली ते सुरू झाले. आवारात शिरताच नजर वेधून घेते ते सुपर कॉन्स्टेलेशन हे चार पंख्यांचे, तीन शेपट्यांचे अवाढव्य विमान. त्याच्या आसपास नौदलाने वेळोवेळी वापरलेली इतर विमाने उभी आहेत. पाण्यावरही उतरू शकणारे सीलँड, पाणबुड्यांचा माग काढणारे ॲलीझे, जागच्या जागी उभे उतरणारे सी हॅरियर. मुले सी हॅरियरपाशी छायाचित्रे काढून घेतात, वडीलमाणसे कॉन्स्टेलेशनच्या सावलीला थांबतात. या गर्दीत सी हॉक नावाचे एक लहानसे, सडपातळ विमान आहे. सी हॉक म्हणजे सागरी ससाणा. त्याच्यापुढे फारसे कोणी रेंगाळत नाही.

मला मात्र या विमानाविषयी आज थोडे विस्ताराने बोलायचे आहे. श्रोतेहो, आपण कधी तिकडे गेलात, तर या विमानाच्या दोन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. एक, त्याच्या पंखांतला सांधा. पसरलेले पंख सुमारे ३९ फुटांचे. पण सांध्यावर दुमडून वर उचलले की विमानाची रुंदी एक-तृतीयांश उरते. दुसरी गोष्ट, शेपटीखालचा पोलादी आकडा. जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानाला या दोहोंपैकी कशाचीच गरज नसते. त्याचे पंख कोणी मिटत नाही आणि उतरताना त्याला आकडा टाकून कोणी धरत नाही. सी हॉकला ते लागतात, कारण ते स्वतंत्र विमान नव्हेच. ते एका मोठ्या यंत्राचा अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे जहाज, आणि ते जहाज आता जगात नाही.

विमानाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या हॉकर कंपनीचे मुख्य आरेखक सर सिडनी कॅम यांची ही निर्मिती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या आकाशाचे रक्षण करणारे हरिकेन कॅम यांचेच आणि पुढे आपल्या वायुदलाने १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत वापरलेले हंटर हेही त्यांचेच. महायुद्ध संपता संपता जेट इंजिनाचे युग आले, तेव्हा त्यांनी एक नवा आराखडा मांडला. त्याचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९४७ मध्ये झाले. ब्रिटिश वायुदलाने त्यात रस दाखवला नाही, नौदलाने दाखवला. जेट विमानाचा झोत सामान्यतः शेपटीतून बाहेर पडतो. कॅम यांनी तो मध्येच दुभागून दोन्ही पंखांच्या मुळांशी, अंगाच्या दोन कुशींतून बाहेर काढला. त्यामुळे शेपटीकडचा पोकळ भाग इंधनाच्या टाकीसाठी मोकळा राहिला. समुद्रावर उडणाऱ्या विमानाला चार घटका अधिक हवेत राहता येणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या युक्तीचे मोल कळते. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बॉम्ब किंवा रॉकेटे आणि ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या घरातला वेग. १९५३ साली हे विमान ब्रिटिश नौदलात दाखल झाले, तेव्हा ते उत्तम गणले जात होते. आपल्याकडे आले तोवर मात्र जगातली प्रमुख लढाऊ विमाने ध्वनीचा वेग ओलांडू लागली होती. सी हॉकला सरळ उड्डाणात तो कधीच ओलांडता आला नाही. नवे असतानाच ते जुने झालेले होते, असे म्हटले तरी चालेल.

आता त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. ब्रिटनने महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, १९४३ साली, एका विमानवाहू नौकेची बांधणी सुरू केली. नाव ठेवले 'हर्क्युलिस'. १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात लोटली गेली, तोवर युद्ध संपले होते. अपुरी नौका तशीच पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती 'विक्रांत' या नावाने आपल्या नौदलात दाखल झाली. लांबी ७०० फूट. त्यापूर्वीच, जुलै १९६० मध्ये, वेल्समधील ब्रॉडी येथे सी हॉक विमानांची आपली पहिली तुकडी उभी राहिली होती. तिचा क्रमांक ३००, चिन्ह पांढरा वाघ. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईस आली तेव्हा तिच्या स्वागताला पंतप्रधान नेहरू स्वतः उपस्थित होते. एवढ्या तरुण राष्ट्राला एवढी खर्चिक नौका हवी कशाला, अशी टीका त्या काळी झाली आणि नंतरही होत राहिली. टीका सर्वस्वी अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. अशी एक नौका बाळगायची म्हणजे तिच्या संरक्षणाला इतर नौकांचा ताफा लागतो, आणि ती दुरुस्तीला गेली की सारेच ठप्प होते. हे दुसरे भय पुढे खरेही ठरले.

सातशे फुटांच्या नौकेवरून जेट विमान उडते कसे आणि उतरते कसे, हे समजल्यावाचून पुढची हकीकत कळणार नाही. उड्डाणासाठी नौकेच्या डेकमध्ये एक लांब खाच असते. खाचेखाली वाफेच्या दाबाने धावणारा दट्ट्या असतो. विमान त्याला जोडतात, वैमानिक इंजिन पूर्ण जोराने चालवतो, खूण होते आणि वाफेची ही प्रचंड गोफण विमानाला दोन-तीन सेकंदांत समुद्रावर भिरकावून देते. पण गोफण एकटी पुरत नाही. पंखांखालून हवा ज्या वेगाने वाहील त्यावर विमान तरंगते. म्हणून उड्डाणाच्या वेळी नौका वाऱ्याला तोंड देऊन शक्य तितक्या वेगाने धावते. गोफणीचा वेग, नौकेचा वेग आणि वाऱ्याचा वेग या तिघांची बेरीज पुरेशी भरली तर विमान उडाले. कमी भरली तर पुढे समुद्र आहेच. वारा पडला, तर बॉम्बचे किंवा इंधनाचे ओझे कमी करून तोंडमिळवणी करावी लागते.

उतरणे याहून बिकट. ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने येणाऱ्या वैमानिकाला नौका काडेपेटीएवढी दिसते, आणि ती डोलत असते. डेकच्या कडेला एक आरसा व दिव्यांची रांग असते. आरशातला प्रकाशबिंदू दिव्यांच्या ओळीत दिसत राहिला, तर आपण योग्य उतारावर आहोत असे वैमानिकाने समजायचे. डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असतात. शेपटीखालच्या त्या आकड्याने त्यांतला एक दोर पकडायचा. येथे एक विलक्षण गोष्ट आहे. चाके टेकताक्षणी वैमानिक इंजिन मंद करीत नाही. उलट पूर्ण जोराने चालवतो. आकड्याला दोर सापडलाच नाही, तर पुन्हा हवेत झेपावता यावे म्हणून. दोर सापडला, तर इंजिनाचा सारा जोर धुडकावून विमान जागच्या जागी खिळते. विक्रांतवर अशा रीतीने जेट विमान उतरवणारे पहिले भारतीय वैमानिक लेफ्टनंट टाहिलियानी. दिवस १८ मे १९६१. पुढे ते नौदलाचे प्रमुख झाले.

बोगमाळोच्या या विमानाचे दाबोळीशी नाते जडले तेही एका युद्धातूनच. विक्रांत मुंबईला येऊन दीड महिना झाला असेल नसेल, तोच गोवा मुक्तीची मोहीम सुरू झाली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. विमानतळाच्या इमारती हेतुपुरस्सर वाचवण्यात आल्या होत्या. त्याच दिवशी मुरगावच्या बंदरात आपल्या 'बेतवा' आणि 'बियास' या नौकांनी पोर्तुगिजांच्या 'अफोन्सो द अल्बुकर्क' या युद्धनौकेला निकामी केले. रात्री, धावपट्टीचा थोडासा भाग डागडुजी करून, पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमाने अंधारात निसटून गेली. विक्रांत आपली विमाने घेऊन दूर समुद्रात पहाऱ्याला उभी होती. तिला हात उचलण्याची वेळच आली नाही. नंतर दाबोळीचा विमानतळ नौदलाकडे आला. कोइमतूरजवळ सुलूर येथे असलेला नौदलाचा 'हंसा' हा तळ १९६४ साली येथे हलवला आणि सी हॉकचा जमिनीवरचा मुक्काम दाबोळीला पडला. आपल्याच वायुदलाने खणून काढलेल्या धावपट्टीवर आपल्याच नौदलाची विमाने नांदू लागली. गोव्याच्या लोकांच्या डोक्यावरून या विमानांचा गडगडाट पुढे वीसेक वर्षे जात राहिला.

१९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती. त्यामुळे त्या युद्धात तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. ती बुडवल्याचा दावा पाकिस्तानातून झाला. ती तेव्हा गोदीच्या भिंतीला टेकून उभी होती. नौदलाच्या मनाला हे फार लागले. शत्रूने बुडवल्याचे खोटे सांगावे आणि आपल्यापाशी ते खोडून काढायला पराक्रम नसावा, ही स्थिती कोणत्याही सैनिकाला सहन होण्याजोगी नसते. दरम्यान विमाने जुनी होत चालली होती. ब्रिटनने ती वापरातून काढली, पश्चिम जर्मनीने काढली. जर्मनीची २८ विमाने आपण विकत घेतली. दुसऱ्याने टाकलेले कपडे उसवून, शिवून वापरणाऱ्या घराची आपल्याला कल्पना आहे. नौदलाचे तेच चालले होते.

आणि मग १९७१ साल उजाडले. २५ मार्चला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने कत्तल आरंभली. निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले; वर्ष संपेतो त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. युद्ध टळणार नाही हे जाणत्यांना दिसू लागले. आणि विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाच्या जलपिंपाला तडे गेलेले होते. ते काम चार-दोन आठवड्यांत होण्यासारखे नव्हते. नौका चालवायची तर तीन बॉयलरांवर, आणि तीही जपून. नौकेचा मूळचा वेग सुमारे २४ नॉट. तो उतरून १६ नॉटच्या आसपास आला.

आठ नॉटचा तुटवडा. हा आकडा क्षुल्लक वाटतो. आठ नॉट म्हणजे ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर. पुण्यातला एखादा सायकलस्वार सहज तेवढ्या वेगाने जातो. पण मघाशी सांगितलेली बेरीज आठवा. गोफण, नौका आणि वारा. त्यांतले नौकेचे पद आठाने घटले. शिवाय गोफणीची वाफही त्याच बॉयलरांतून यायची. वारा आपल्या हाती नाही. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरात तो बहुधा मंदच असतो. म्हणजे तिन्ही पदे एकाच वेळी उणी. यात आणखी एक भर. विमाने उडवताना आणि उतरवताना नौकेला वाऱ्याच्या दिशेने सरळ रेषेत धावावे लागते. मंद गतीने सरळ रेषेत जाणारी सातशे फुटांची नौका हे पाणबुडीला आयते भक्ष्य.

अशा नौकेला बंदरात ठेवावे असा सल्ला देणारे लोक होते, आणि त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. बॉयलर फुटला तर तळघरातली माणसे वाफेने भाजून मरणार होती. मी सरकारी नोकर आहे. कागदावर 'धोका आहे' असे लिहिणे किती सोपे असते, ते लिहिल्याने लिहिणाऱ्याची जबाबदारी कशी संपते, हे मला ठाऊक आहे. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तो मार्ग स्वीकारला नाही. १९६५ सारखीच याही वेळी विक्रांत बंदरात राहिली, तर पुन्हा तिला बाळगण्याचे कारण कोणाला सांगता आले नसते. बॉयलरांभोवती खबरदारीच्या पोलादी पट्ट्या आवळल्या गेल्या. नौका समुद्रात नेऊन पाहिली. विमाने उडवून पाहिली, उतरवून पाहिली. १६ नॉटमध्ये काय जमते आणि काय नाही, याचे कोष्टक बसले. मग पश्चिम समुद्र सोडून तिला पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरात पाठवण्याचे ठरले. पश्चिमेला पाकिस्तानच्या आधुनिक विमानांचा धोका होता. पूर्व पाकिस्तानात सेबर विमानांची एकच तुकडी होती, तीही ढाक्याला. निर्णयात धाडस होते, पण ते आंधळे नव्हते.

नोव्हेंबरात विक्रांत विशाखापट्टणम सोडून गुपचूप अंदमानकडे गेली. पाकिस्तानची 'गाझी' ही दूर पल्ल्याची पाणबुडी तिच्या शोधात कराचीहून निघाली होती. पूर्व विभागाचे सेनापती व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांत अजून विशाखापट्टणमच्या परिसरातच आहे असा देखावा उभा केला. 'राजपूत' ही जुनी विनाशिका विक्रांतच्या थाटात बिनतारी संदेश पाठवीत राहिली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी गाझीचा स्फोट झाला आणि ती बुडाली. राजपूतने टाकलेल्या पाणसुरुंगी बॉम्बनी ती बुडाली असे आपले म्हणणे; तिच्याच सुरुंगांचा आत स्फोट झाला असे पाकिस्तानचे. कसेही असो, नव्वदांहून अधिक खलाशी तिच्यासह गेले. शत्रूचे असले तरी तेही कोणाचे मुलगे होते, आणि ज्या नौकेला शोधण्यासाठी ते आले ती तेथून शेकडो मैल दूर होती.

त्याच दिवशी, ४ डिसेंबरला सकाळी, विक्रांत कॉक्स बझारच्या दिशेने पुढे सरकली. आठ सी हॉक विमाने एकामागून एक गोफणीवरून सुटली. तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता करीत होते. समुद्राला लगटून ही विमाने कॉक्स बझारच्या विमानतळावर पोहोचली, हल्ला करून परतली, आठांच्या आठ आकड्यांना दोर सापडले. दुपारी चितगाव. त्यानंतरचे दिवस याच क्रमाने गेले. चितगावचा विमानतळ, तेथील बंदरातली जहाजे, तेलाचे साठे. पुढे खुलना, मोंगला, चालना. दिवसा सी हॉक, रात्री ॲलीझे. समुद्रमार्गे पाकिस्तानी सैन्याला कुमक मिळणे बंद झाले आणि निसटण्याची वाटही बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. विक्रांतवरून उडालेले एकही विमान या मोहिमेत शत्रूच्या हाती पडले नाही. नौकेचे कप्तान स्वराज प्रकाश आणि तुकडीचे नायक गुप्ता या दोघांनाही महावीर चक्र मिळाले. बॉयलरखान्यातल्या माणसांची नावे लोकांच्या तोंडी नाहीत. ते दोन आठवडे वाफेचा दाब हिशेबात ठेवून ती माणसे त्या तापलेल्या कोठडीत उभी होती, आणि सकाळी वर गोफण सुटली की तिची कंपने त्यांच्या पायांना जाणवत असत. विमान त्यांनी पाहिलेले नसे.

या यशाचे मोजमाप करताना अतिशयोक्ती होऊ नये. सी हॉक हे लढाऊ विमान. पण आपल्या नौदलाच्या सेवेत शत्रूच्या लढाऊ विमानाशी त्याची आकाशात गाठ कधी पडलीच नाही. ढाक्याची धावपट्टी आपल्या वायुदलाच्या मिग आणि हंटर विमानांनी पहिल्या तीन-चार दिवसांतच उखडली आणि तेथील सेबर जमिनीवर अडकून पडली. ती उडू शकली असती तर सी हॉकची अवस्था कठीण झाली असती. सेबर त्याहून वेगवान होते. तेव्हा विक्रांतच्या यशात वायुदलाचा वाटा आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुसरेही एक कारण असे की, त्याच ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला केला. तो इतका नाट्यपूर्ण होता की ४ डिसेंबर हा नौदल दिन त्याच्याच स्मरणार्थ पाळला जाऊ लागला. त्या दिवशी सकाळी बंगालच्या उपसागरात काय घडले, हे त्या झगमगाटात मागे पडले. कराचीची कथा शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. कॉक्स बझारची मोठ्यांनाही नसते.

युद्धानंतर सी हॉक आणखी काही वर्षे उडत राहिले. १६ डिसेंबर १९८३ रोजी, ढाक्याच्या शरणागतीला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, सी हॅरियर विमाने प्रथम दाबोळीस उतरली आणि पांढऱ्या वाघाची तुकडी त्यांच्या स्वाधीन झाली. सी हॅरियरला गोफण लागत नाही, आकडाही लागत नाही. विक्रांतवरची वाफेची गोफण काढून टाकण्यात आली आणि नौकेच्या नाकाशी उड्डाणासाठी चढता उतार बांधण्यात आला. ज्यांच्यासाठी नौका घडली ती विमाने गेली. नौका नव्या विमानांसाठी नवी झाली.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांतही निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत असे. मीही पाहिली होती. डेकवर उभे राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावे, मग मनात विचार यावा की एवढ्याशा जागेत जेट विमान थांबते! पुस्तकातल्या कोणत्याही वर्णनाने ती जाणीव होत नाही. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणाने ते दर्शन बंद झाले. तळाचे पत्रे झिजले होते, कायमस्वरूपी जागेचा आणि पैशाचा प्रश्न सुटला नाही. न्यायालयांत दाद मागितली गेली, ती फेटाळली गेली. सुमारे ६० कोटी रुपयांना नौका भंगारात विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्याजवळ तिचे तुकडे पडू लागले. तिच्या धातूचा काही अंश पुढे एका मोटारसायकलीच्या घडणीत वापरला गेला. हे वाचून काहींना आनंद झाला, मला नीटसे कळले नाही काय वाटावे ते.

आमच्या कचेऱ्यांत जडवस्तूंची एक नोंदवही असते. खुर्ची मोडली, कपाट गंजले, की समिती बसते, वस्तू 'निर्लेखित' करण्याची शिफारस करते, आणि ओळीवर तांबड्या शाईने रेघ पडते. वस्तू नाहीशी होण्यापूर्वी ती नोंदवहीतून नाहीशी होते. विक्रांतच्या बाबतीत ज्यांनी शेवटच्या सह्या केल्या, त्यांना मी दोष देणार नाही. सातशे फुटांचे गंजते जहाज पाण्यात उभे ठेवायला दर वर्षी किती खर्च येतो, हे त्यांच्यापुढे मांडले गेले असणार, आणि आकडे खोटे नसतात. पण मला एवढे नक्की वाटते की, ते जहाज मोडले तेव्हा बोगमाळोच्या सी हॉकचा अर्थही अर्धा झाला. संग्रहालयात विमान आहे, आकडा आहे. ज्या दोराला तो अडकायचा तो दोर नाही, दोर ताणणारी नौका नाही, तिला वाफ पुरवणारे बॉयलर नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, हे एक जुने, हळू उडणारे, बेताचे विमान. ते खरेही आहे. त्या बेताच्या विमानातून आठ नॉटची तूट भरून कशी काढली, हे त्या विमानाच्या अंगावर कुठेच लिहिलेले नाही.

आणि विमानालाही आयुष्य असते. नौदलाची विमाने सेवेत असताना गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात, कारण खारा वारा ॲल्युमिनियमला पोखरतो. बोगमाळोला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि गोव्याचा पावसाळा चार महिन्यांचा. उघड्यावर उभ्या विमानाला तेथे रंगाचा एक थर पुरत नाही. त्याच्या सांध्यांत, खिळ्यांच्या डोक्यांखाली गंज सावकाश शिरतो. त्याची निगा हे काम एकदा करून संपणारे नाही. त्याला कायमचा हात आणि कायमची तरतूद लागते.

विक्रांत हे नाव मात्र पुन्हा आले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत, भारतातच बांधलेली नवी विमानवाहू नौका त्या नावाने नौदलात दाखल झाली. तिच्यावर वाफेची गोफण नाही. उड्डाणासाठी चढता उतार आहे. उतरण्यासाठी मात्र डेकवर पुन्हा तेच आडवे पोलादी दोर आहेत. त्या दोरांची सवय वैमानिकांना जमिनीवरच व्हावी म्हणून दाबोळीच्या 'हंसा' तळावर एक खास धावपट्टी उभारलेली आहे. एका टोकाला नौकेसारखा चढता उतार, दुसऱ्या बाजूला आडवे ताणलेले दोर. १३ सप्टेंबर २०१९ रोजी भारतात घडलेले तेजस जातीचे नौदलाचे विमान तेथे प्रथमच आकड्याने दोर पकडून थांबले. संग्रहालयातला सी हॉक तेथून जवळच उभा असतो, शेपटीखाली आपला आकडा घेऊन.